हजेरीच्या वहीत थंडीचा रकाना नाही

जानेवारीत पहाटे ओझरवरून निफाडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांतून धूर उठताना दिसतो. पारा पाच-सहा अंशांवर आला की बागायतदार रात्रीतून उठतात, बांधावर शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करून विहिरीचं कोमट पाणी मुळांशी फिरवतात. मणी तडकू नयेत, पिंक बेरी होऊ नये, म्हणजे थंडीने मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून ही सगळी धडपड. वर्षभराचं कर्ज त्या घडांवर टांगलेलं असतं, तेव्हा माणूस झोपणार तरी कसा? त्या धुरातून मी अनेक वर्षं अभियंता म्हणून बांधकामाच्या साइटवर जात आलो आहे.

मी पोहोचेपर्यंत वॉचमनच्या बायकोचं पाणी मारून होत आलेलं असतं. दोन दिवसांपूर्वी टाकलेला स्लॅब, त्यावर पाणी साचून राहावं म्हणून वाळूचे केलेले आळे, हातात पाइप, डोक्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. पाय अनवाणी, कारण चप्पल घातली की ओल्या स्लॅबवर घसरते. तिच्या टाचांच्या भेगा मी पाहिल्या आहेत. हिवाळ्यात त्या इतक्या खोल जातात की त्यात नखभर सिमेंट बसून राखाडी रेघा उमटतात. एकदा मी म्हणालो, "ताई, जरा ऊन येऊ द्या, मग मारा की." ती म्हणाली, "आठला माणसं वर चढतात साहेब. ती चढली की पाइप मधे येतो म्हणून ओरडतात. त्याच्या आधीच उरकावं लागतं."

नाशिकला जानेवारीत सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे तिचं काम अंधारात सुरू होतं. तिला ते कोणी मुद्दाम अंधारात करायला लावलेलं नाही. दिवसाची रचनाच अशी आहे की थंडीचा सगळ्यात वाईट तास तिच्या वाट्याला येतो. वर्षानुवर्षं असंच चाललं आहे आणि साइटवरच्या कुणालाच, मलासुद्धा, त्यात काही बदलण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं.

या लेखात मला एवढंच मांडायचं आहे की थंडी ही कामाची अट म्हणून मोजली गेली पाहिजे, आणि तिच्यामुळे येणारा खर्च कामाच्या अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे. आज तो खर्च मजुराच्या हजेरीतून, त्याच्या बोटांतून आणि त्याच्या झोपेतून वसूल होतो.

आपल्याकडे थंडीबद्दल बोलताना आवाज आपोआप मऊ होतो. गुलाबी थंडी, हुरडा, शेकोटी, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. हे सगळं मलाही प्रिय आहे. पण महाराष्ट्रात हिवाळा हाच बांधकामाचा खरा हंगाम आहे, हे या गोडव्यात विसरलं जातं. पावसाळ्यात पाया खोदता येत नाही, बाहेरचं प्लास्टर धुऊन जातं, रंग धरत नाही. दिवाळी करून गावाकडची माणसं परत आली की चार महिने तुंबलेलं काम एकदम सुटतं. स्लॅबवर स्लॅब पडतात. मार्चअखेरच्या बिलांची घाई असते, ताबा द्यायच्या तारखा असतात. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून टेम्पोने आलेली माणसं सकाळी नाक्यावर उभी राहतात ती याच दिवसांत सगळ्यात जास्त. ऊसतोड याच दिवसांत जोरात असते, वीटभट्ट्या याच दिवसांत पेटतात. वर्षातलं सगळ्यात जास्त उघड्यावरचं काम वर्षातल्या सगळ्यात गार पहाटे होतं. अपवादाचे चार दिवस कसेबसे काढून टाकावेत, असं हे प्रकरण नाही.

आता सिमेंटकडे बघा. स्लॅबखालच्या सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते तोलून धरणाऱ्या प्लेटा आणि टेकूंना, किती दिवस हात लावायचा नाही, याचे आकडे आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात दिलेले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. पण त्याच कलमात एक अट आहे, जी साइटवर फार कमी लोक वाचतात: हवेचं तापमान पंधरा अंशांच्या खाली जात नसेल तर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच काय, पुणे, नगर, जळगाव, नागपूर, कुठेही रात्रीचं तापमान सहसा पंधराच्या वर राहत नाही. म्हणजे या दोन महिन्यांत सात दिवसांचा आकडा डोळे झाकून वापरायचा नसतो. काँक्रीटला ताकद आली आहे का हे बघून टेकू काढायचे असतात. थंडीत सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया मंदावते, स्लॅब वरून टणक दिसतो आणि आतून कोवळा असतो. तरीही मेस्त्रीला प्लेटा पुढच्या मजल्यावर हव्या असतात म्हणून सातव्या दिवशी टेकू निघतात, आणि ते काढायला खाली उभा असतो तो सेंट्रिंगवाला पोरगा. थंडीचा हिशेब न धरण्याची किंमत इथे थेट डोक्यावर येऊ शकते.

याहून पुढची गोष्ट. पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली काँक्रीट करायचं झालं तर काय काळजी घ्यायची, यासाठी आपल्या मानक संस्थेची स्वतंत्र पुस्तिका आहे, आय.एस. ७८६१ चा दुसरा भाग, १९८१ चा. पाणी गरम करून घाला, खडी गोठलेली नको, टाकल्यावर झाकून ऊब धरा, असं त्यात तपशिलाने सांगितलं आहे. मला ती पुस्तिका आवडते. कोणीतरी बसून काँक्रीटची इतकी बारीक काळजी केली, याचा अभियंता म्हणून आनंदच आहे. पण ते कोमट पाणी काँक्रीटमध्ये ओतणाऱ्या हाताबद्दल तशी एक ओळ कुठेतरी असायला हवी होती, आणि ती माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एकाही तपासणीला आलेल्या माणसाने मला दाखवली नाही. हेल्मेट बघतात, पट्टा बघतात, परांची बघतात. बघायलाच हवं. सकाळी सातला किती अंश होते, असं कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

हाताचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. थंडीत शरीर आतल्या अवयवांची ऊब टिकवण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. बोटांची कातडी पंधरा अंशांच्या आसपास उतरली की बारीक काम करण्याचं कसब भराभर घटतं. पंधराचा हा आकडा स्लॅबच्या कलमातल्या आकड्याशी जुळतो तो योगायोगाने, पण माझ्या मनात तेव्हापासून दोन्ही एकत्र बसले आहेत. सकाळी फिटर सळयांना तार बांधतो तेव्हा हुकचा पीळ चुकतो, तार बोटात घुसते, आणि रक्त दिसेपर्यंत त्याला कळतही नाही. सळई रात्रभर उघड्यावर पडलेली असते, ती हातात घेणं म्हणजे बर्फाची कांडी धरणं. काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवणाऱ्याचं आणखी वेगळं. कंपनामुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, त्यात गारवा मिळाला की बोटं पांढरीफटक पडतात, मुंग्या येतात. वर्षानुवर्षं हे झालं की ती बोटं शर्टाचं बटण लावायलाही उपयोगाची राहत नाहीत.

आणि भेगा. ओलं सिमेंट अतिशय अल्कली असतं, कातडी खातं. कोरड्या थंड हवेत कातडी आधीच तडकलेली असते, मग ते नुसतं वर लागत नाही, आत जातं. आमचा एक जुना गवंडी रोज संध्याकाळी हात धुतल्यावर खोबरेल तेलात मेण वितळवून भेगांत भरायचा आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून झोपायचा. सकाळी तोच हात पुन्हा मालात. सुरक्षेच्या संचात हातमोजे मिळतात, पण ते घालून थापी धरली की तिची पकड जाते आणि एकदा आतून ओले झाले की उघड्या हातापेक्षा जास्त गार लागतात. दोन जोड द्या, एक वाळत असताना दुसरा घालता येईल, एवढी साधी गोष्ट. दोन जोड मागणारा मजूर मात्र 'नखरे करतो' असं ऐकतो.

थंडीत सकाळइतकीच संध्याकाळही लांबते, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कोबा घातला की तो थोडा ओढेपर्यंत घोटता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी घातलेला कोबा चार-पाचला घोटाईला येतो. जानेवारीत तो रात्री आठ-नऊपर्यंत ओलाच असतो. गवंडी बल्ब लावून, कानटोपी घालून, गुडघ्याखाली गोणपाट घेऊन वाट बघत बसतो. काम अंगावर घेतलेलं असेल, म्हणजे फुटावर ठरलेलं, तर त्या बसून काढलेल्या तासांचे पैसे कोणी देत नाही. रंगाऱ्याचं तेच, पहिला हात सुकत नाही म्हणून दुसरा देता येत नाही. प्लंबरचं तेच, पाइपाच्या जोडाला लावलेलं सोल्युशन धरायला वेळ घेतं, आणि टाकीत उतरून हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा लागतो तो वेगळाच. दर मात्र मे महिन्यात जो, जानेवारीतही तोच. थंडीमुळे कमी झालेल्या कामाचा तोटा असा गुपचूप कारागिराच्या खिशातून जातो, आणि कुणाच्याही वहीत त्याची नोंद होत नाही.

रात्रीबद्दल थोडं सांगतो. एका साइटवर पत्र्याच्या खोलीत सहा माणसं झोपली होती. दार लावलेलं, फटी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी बुजवलेल्या, मधे लोखंडी घमेल्यात कोळसे. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच गुंगतो. त्यातला एकजण लघवीला उठला आणि दारात कोसळला, त्या आवाजाने वॉचमन धावला, म्हणून सगळे वाचले. सकाळी मी गेलो तेव्हा त्यातले दोघं भिंतीला टेकून उलट्या करत होते, आणि मुकादम मला पहिला प्रश्न विचारत होता तो यांची आजची हजेरी लावायची का. मला त्या मुकादमाचाही राग धरवत नाही. त्याच्या वहीत दोनच खुणा आहेत, आला आणि नाही आला. माणूस आला, पण थंडीने मरता मरता वाचला, याला त्याच्याकडे खूण नाही.

सकाळच्या शेकोटीतही काय जळतं ते एकदा बघा. सेंट्रिंगच्या प्लायचे तुकडे, थर्माकोल, टाइल्सचे खोके, पाइपांचे कापलेले तुकडे. तो धूर छातीत घेऊन दिवस सुरू होतो. मूठभर सरपण पुरवणं कोणत्या बिल्डरला जड आहे? जड नाही. फक्त ते कुणाचं काम, हे ठरलेलं नाही.

मला नेहमी एक उत्तर मिळतं की या लोकांना सवय असते. डोंगरातली माणसं आहेत, उघड्यावर वाढलेली. हे म्हणणारे वाईट नसतात, पण हे खरं नाही. सवयीने माणूस कुरकुर करायचं थांबतो, त्याच्या रक्तवाहिन्या आकसायच्या थांबत नाहीत. पन्नाशी उलटलेल्या मजुराचा रक्तदाब थंडीत चढतोच, सवय असो वा नसो. दुसरं उत्तर मजुरांकडूनच येतं आणि ते मी जास्त गांभीर्याने घेतो: साहेब, उशिरा सुरू केलं तर हजेरी कापाल. त्यांना आरामाची भीती वाटते, कारण आजवर प्रत्येक आराम त्यांच्याच पैशांनी झाला आहे. म्हणून माझा आग्रह आहे की वेळ बदलायची तर पूर्ण हजेरीवर बदला. अर्धी हजेरी देऊन उशिरा बोलावणं म्हणजे थंडीचा दंड पुन्हा त्यालाच लावणं.

सरकारी पातळीवरचं चित्र विचित्र आहे. उन्हाळ्यात कामाच्या वेळा बदलण्याची भाषा आता रुळली आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, मग नागपूरसारख्या शहरांनी केले, आणि दुपारी बारा ते तीन-चार उघड्यावरची कामं थांबवा अशी पत्रकं निघू लागली. दुसरीकडे थंडीची लाट हीसुद्धा केंद्राच्या आपत्तींच्या यादीत कितीतरी वर्षं आहे. पण थंडीच्या लाटेच्या सूचना निघतात त्या रात्रनिवारे, ब्लँकेटवाटप, पिकं आणि शाळांच्या वेळा यांभोवती. सकाळची शाळा उशिरा भरते आणि त्याच शाळेची नवी इमारत बांधणारा बिगारी त्याच वेळेला परांचीवर असतो.

शिवाय लाटेची व्याख्याच मजुराच्या कामाची नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा खाली आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलेलं, किंवा थेट चार अंशांवर, तेव्हा हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. हवामानशास्त्रासाठी ते योग्यच आहे. पण ज्या गावात आठ-नऊ अंश हे नेहमीचंच, तिथे आठ अंशांच्या पहाटे कोणतीही सूचना निघणार नाही. नेहमीची थंडी बोटांना कमी लागते असं नाही. कामासाठी वेगळा, साधा आकडा हवा. सकाळी सात वाजता दहा अंशांच्या खाली असेल तर उघड्यावरचं काम साडेआठच्या आधी नाही. कोणत्याही मुकादमाच्या मोबाइलवर तो आकडा दिसतो.

हे अशक्य वाटत असेल तर शेतकऱ्यांनी काय केलं ते आठवा. वर्षानुवर्षं शेतीपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज मिळायची. डिसेंबरात रात्री दोनला गव्हाला पाणी भरायला जायचं, चिखलात पाय, हातात बॅटरी, मनात सापाची आणि बिबट्याची भीती. शेतकऱ्यांनी दिवसा वीज द्या म्हणून मोर्चे काढले, धरणी धरली. २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि दिवसा वीज हे सरकारचं जाहीर उद्दिष्ट झालं. सगळीकडे पोहोचली असं मी म्हणत नाही. पण थंडीच्या रात्री राबणं हे नशीब नसून वेळापत्रकाचा प्रश्न आहे, हे महाराष्ट्राने एकदा मान्य केलेलं आहे. नाक्यावरच्या माणसामागे मोर्चा नाही, संघटना तोकडी आहे, तो आज या साइटवर तर उद्या त्या. म्हणून त्याचा प्रश्न मान्य होत नाही.

पैशाचं म्हणाल तर तो आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्याने सुरू झाला आणि तो नोंदीत कामगारांच्या कल्याणासाठीच असतो. दिल्लीत हिवाळ्यातल्या प्रदूषणामुळे बांधकामं बंद ठेवावी लागली तेव्हा, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काम थांबलेल्या मजुरांना याच उपकराच्या पैशातून निर्वाहभत्ता द्या. मुंबईतही २०२४ च्या डिसेंबरअखेर हवा बिघडली म्हणून बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवण्यात आली होती. हिवाळ्यात काम थांबण्याचे प्रसंग आता वाढत जाणार, तेव्हा थांबलेल्या दिवसाची मजुरी कुठून येईल, हे आधीच लिहून ठेवायला हवं. जर्मनीत १९५९ पासून बांधकाम मजुरांना खराब हवेचा भत्ता मिळत आला आहे. आज तिथे डिसेंबर ते मार्च या काळात हवामानामुळे काम बुडालं तर निव्वळ मजुरीच्या साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के भरपाई मिळते. तिथली थंडी वेगळी, पैसा वेगळा, हे मला समजतं. घेण्यासारखा आहे तो विचार, की हवामानाचा धोका एकट्या मजुराने उचलायचा नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. राज्यांच्या नियमांची घडी बसत असतानाच थंडीचा हा आकडा त्यात बसवणं सोपं आहे. आणि त्याहून आधी, सरकारी बांधकामांच्या निविदेत एक ओळ टाकता येईल: हिवाळ्यातल्या उशिराच्या तासांची पूर्ण हजेरी, कोमट पाणी, हातमोज्यांचे दोन जोड आणि हवा खेळती असलेली झोपायची जागा. निविदेत जे लिहिलेलं असतं त्याचा दर ठेकेदार लावतोच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या हातातल्या साइटवर आम्ही हे करून पाहिलं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत काम साडेआठला, हजेरी पूर्ण. जुन्या ड्रमखाली लाकडं लावून पाणी तापवायचं, त्यासाठी एक माणूस. स्लॅबला पाणी मारणं साडेनऊनंतर, आणि तेवढा वेळ त्या बाजूचं काम थांबवायचं. एका मजल्यामागे एक दिवस जास्त गेला. मालकाने विचारलं तेव्हा मी त्याला आय.एस. ४५६ चं कलम उघडून दाखवलं, की टेकू तसेही आपल्याला जास्त दिवस ठेवायचेच होते. तो थोडा वेळ वाचत राहिला आणि चालू द्या म्हणाला.

त्या दिवसांत मी हजेरीच्या वहीत तारखेशेजारी पट्टीने रेघ मारून एक नवा रकाना काढला होता. वही अजून माझ्या टेबलावर आहे. ९ जानेवारी, सकाळी सातला ७ अंश, काम सुरू ८:३०, माणसं २३, हजेरी पूर्ण.